मान कोणी कोणाला द्यावा?
(गव्हाच्या शेतातील एका राजाची आणि त्याच्या पदकांची हकीकत)



मागे एकदा माझ्या पत्त्यावर एक जाड, गुळगुळीत पाकीट आले. आत सोनेरी अक्षरांत छापलेले पत्र होते. परदेशातील कोणा एका विद्यापीठाने कामगार चळवळीतील माझ्या दीर्घ सेवेची दखल घेऊन मला मानद डॉक्टरेट देण्याचे ठरविले आहे, समारंभ एका मोठ्या हॉटेलात होईल, झगा आणि टोपी संस्थेकडून मिळेल, असे त्यात लिहिले होते. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, नोंदणी व समारंभखर्च म्हणून मी भरावयाच्या रकमेचा आकडा होता.

मी हसलो. पण आपणांपासून काय लपवावयाचे? ते पत्र मी लगेच फाडले नाही. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतील एका कपाटावर आणि गावच्या वाचनालयात. अशा माणसाच्या नावामागे 'डॉ.' हे एक अक्षर लागले तर काय होईल, याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ केला. व्यवस्थापनाबरोबर वाटाघाटीला बसताना समोरचे साहेब माझ्याकडे कोणत्या नजरेने पाहतील, हेही मनात येऊन गेले. सकाळी मात्र दुसराच प्रश्न पुढे उभा राहिला. हा मान मला देणारा कोण? आणि त्याला मान देण्याचा अधिकार कोणी दिला?

या प्रश्नाचा माग काढीत मी वाचीत गेलो आणि वाचता वाचता मला ऑस्ट्रेलियातील एक शेतकरी भेटला. या शेतकऱ्याने स्वतःचे राज्य काढले, स्वतःला राजा करून घेतले आणि गुणवंतांना देण्यासाठी रीतसर मानपदके निर्माण केली. त्याची गोष्ट ऐकताना आपणांस हसू येईल, आणि तसे ते यावे. पण आपल्या नित्याच्या मानसन्मानांकडे पाहण्याची नजर त्या हसण्यातूनच मिळेल, असे मला वाटते.

गव्हाचा कोटा आणि राज्याचा जन्म

लिओनार्ड जॉर्ज कॅस्ली हा १९२५ साली जन्मलेला गृहस्थ. पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थ शहराच्या उत्तरेस सुमारे ५०० किलोमीटरवर, नॉर्थहॅम्प्टन गावाजवळ त्याची मोठी शेती होती. मोठी म्हणजे केवढी? सुमारे १८,५०० एकर, म्हणजे ७५ चौरस किलोमीटर. आपल्याकडे एवढ्या जागेत एखादे शहर वसेल. तिकडच्या कोरड्या मुलखात एवढी जमीन एका कुटुंबाकडे असणे फारसे नवलाचे नाही.

१९६९ साली जगाच्या बाजारात गहू उदंड झाला होता. भाव कोसळू नयेत म्हणून शेतकऱ्याने किती गहू विकावा यावर सरकारने मर्यादा घातली. कॅस्लीच्या शेतात तेव्हा सुमारे ९,९०० एकर गहू कापणीला आला होता. त्याच्या वाट्याला कोटा आला तो अवघा १,६४७ बुशेलचा, म्हणजे सुमारे शंभर एकरांचे पीक. शंभरांत एक ओंबी विका, उरलेल्या नव्याण्णवांचे काय करावयाचे ते तुमचे तुम्ही पाहा, असाच त्याचा अर्थ.

कोणत्याही शेतकऱ्याने केले असते तेच कॅस्लीने प्रथम केले. आसपासच्या पाच कुटुंबांनी मिळून निषेध नोंदविला, राज्याच्या गव्हर्नरकडे दाद मागितली, नुकसानभरपाईचा दावा सांगितला. दाद लागली नाही. शेतजमिनी परत घेण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा येऊ घातला आहे असे दिसले, तेव्हा कॅस्लीने मार्ग बदलला. २१ एप्रिल १९७० रोजी त्याने आपली जमीन ऑस्ट्रेलियापासून वेगळी झाल्याचे जाहीर केले. तिचे नाव ठेवले 'हट रिव्हर प्रॉव्हिन्स'. सरकारी पत्रव्यवहारात कोठेतरी त्याचा उल्लेख त्या प्रांताचा प्रशासक म्हणून झाला. ती एक ओळ त्याने मान्यतेचा दाखला म्हणून जपून ठेवली. पुढे इंग्लंडच्या सातव्या हेन्रीच्या काळातला १४९५ सालचा राजद्रोहाचा कायदा त्याने शोधून काढला आणि त्याचा आधार घेऊन तो 'प्रिन्स लिओनार्ड' झाला. पत्नी शर्ली राजघराण्यातील स्त्री झाली, मुले राजपुत्र झाली.

जगाने मान्य न केलेल्या अशा स्वयंघोषित राज्यांना आता 'मायक्रोनेशन' म्हणतात. आपण त्याला चिमुकले राज्य म्हणू. १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ करारात राज्याची चार लक्षणे दिली आहेत: कायम राहणारी वस्ती, ठरलेला भूप्रदेश, शासन, आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची क्षमता. ही चार लक्षणे अशा सगळ्या राजांना तोंडपाठ असतात. पहिली तीन ते ओढूनताणून जमवितात. गाडे अडते ते चौथ्यापाशी. व्यवहाराला दुसरा कोणी तयार असावा लागतो.

म्हणूनच ही राज्ये दुसऱ्याच्या हातात जाईल अशा वस्तू काढण्याच्या मागे लागतात. हट रिव्हरने टपालाची तिकिटे काढली, नाणी पाडली, पारपत्रे छापली. सरकारशी खटके वाढले तेव्हा २ डिसेंबर १९७७ रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्ध युद्धही पुकारले आणि थोड्याच दिवसांत ते संपल्याचे जाहीर केले. कोणी गोळी झाडली नाही. प्रवासी मात्र येऊ लागले. ते पारपत्रावर शिक्का मारून घेत, राजाशी हस्तांदोलन करीत, आठवण म्हणून नाणे विकत घेत. आणि याच सरंजामात, राज्याला साजेशी म्हणून, मानपदके आली. एकीचे नाव होते 'इलस्ट्रियस ऑर्डर ऑफ मेरिट', दुसरीचे 'सीरीन ऑर्डर ऑफ लिओनार्ड'. पहिली गुणवत्तेच्या नावाने, दुसरी खुद्द राजाच्या नावाने.

'ऑर्डर' म्हणजे काय?

येथे थोडे थांबून 'ऑर्डर' हा शब्द समजून घेऊ. त्याचा अर्थ नुसते पदक नव्हे. ऑर्डर म्हणजे मानकऱ्यांचे मंडळ. मध्ययुगातील युरोपात शपथबद्ध सरदारांचे संघ असत. त्यांना नियम असत, एक प्रमुख असे, अंगावर घालावयाचे चिन्ह असे. पुढे राजांनी हीच पद्धत उचलली. मंडळाचा प्रमुख राजा स्वतः, सभासद कोणाला करावयाचे हे त्याच्या मर्जीवर, आणि छातीवरील फीत व चांदणी ही सभासदत्वाची खूण. यामागे एक जुने तत्त्व आहे. मानाचा झरा एकच, आणि तो म्हणजे राजा. त्या झऱ्यातून जे वाहील तोच खरा मान.

या प्रकारातील सर्वांत नेमस्त उदाहरण म्हणजे ब्रिटनची 'ऑर्डर ऑफ मेरिट'. सातव्या एडवर्डने ती १९०२ साली स्थापन केली. तिच्यामुळे नावापुढे 'सर' लागत नाही. परदेशी मानद सभासद सोडले तर एका वेळी २४ हून अधिक माणसे तिच्यात असू शकत नाहीत. १९०७ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही तिची पहिली स्त्री सभासद झाली. आपले राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांना १९६३ साली तिचे मानद सभासदत्व देण्यात आले. संख्या थोडी ठेवली की किंमत टिकते, हे व्यापाऱ्याला जसे कळते तसे राजालाही कळते.

आता हट रिव्हरकडे परत पाहा. ब्रिटनच्या राजाला मान देण्याचा अधिकार आहे, कारण तो राजा आहे. कॅस्लीच्या बाबतीत गाडी उलट्या बाजूने जुंपलेली होती. तो राजा आहे हे कोणी मानीत नव्हते, म्हणून त्याला मान देणे भाग होते. एखाद्या गृहस्थाने त्याच्यापुढे मान झुकवली, गळ्यात फीत घालून घेतली, प्रमाणपत्र घरच्या भिंतीवर लावले, की त्या एका माणसापुरता कॅस्ली राजा झाला. देणाऱ्याने दिले एक पदक. घेणाऱ्याने त्या बदल्यात दिले राजेपण. या सौद्यात अधिक कोणाला मिळाले, सांगा बरे!

मला या गोष्टीतून सापडलेले सूत्र ते हेच. मान देणारा नुसता देत नाही, तो काही घेतही असतो. मान स्वीकारणारा देणाऱ्याला सांगत असतो, की माझी किंमत ठरविण्याचा तुमचा अधिकार मला मान्य आहे.

विकत, उधार आणि प्रेमाने

आणखी दोन चिमुकली राज्ये पाहू म्हणजे हे सूत्र अधिक स्पष्ट होईल. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापासून काही मैलांवर समुद्रात दुसऱ्या महायुद्धातील एक जुना किल्ला आहे. दोन पोकळ खांब आणि त्यांवर एक पोलादी माळा. १९६७ साली रॉय बेट्स नावाच्या माजी सैनिकाने त्यावर 'सीलँड'चे राज्य जाहीर केले. त्या राज्याच्या सरदारक्या आणि 'लॉर्ड'पणा ठरावीक दर भरून कोणालाही विकत मिळतो. येथे निदान ढोंग नाही. पावती फाडली जाते, माल मिळतो. आपल्याकडील 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण अशा लॉर्डांना लागू पडेल, पण त्यांना स्वतःलाही ते ठाऊक असते.

दुसरे राज्य आहे कॅरिबियन समुद्रातील रेडोंडा या निर्जन खडकाचे. एम. पी. शील या लेखकाने आपण त्याचे राजे असल्याचे सांगितले. त्याच्यामागून जॉन गॉस्वर्थ हा कवी राजा झाला. तो लेखक-मित्रांना सरदारक्या वाटी. डिलन टॉमस आणि लॉरेन्स डरेल हे त्याचे सरदार. पुढे दारिद्र्याने गाठले, तेव्हा गुत्त्यावरील उधारी फेडण्यासाठीही त्याने पदव्या दिल्या. गॉस्वर्थ १९७० साली वारला. त्यानंतर या गादीवर अनेकांनी हक्क सांगितला. त्यांपैकी स्पेनचा कादंबरीकार हाव्हिएर मारियास याने हा खेळ वेगळ्याच तऱ्हेने खेळला. आपल्याला ज्यांचे काम मनापासून आवडते अशा लेखकांना आणि चित्रपट-दिग्दर्शकांना तो गमतीने ड्यूक करी. कूट्सी आणि आल्मोदोव्हार त्याच्या दरबारात होते. याच राज्याच्या नावाने त्याने पुस्तकेही प्रकाशित केली. मारियास २०२२ साली वारला.

तीनही राज्ये तितकीच खोटी, पण मान एकाच तऱ्हेचा नव्हे. सीलँडचा मान हा विकत घेतलेला माल. गॉस्वर्थचा मान ही बुडीत उधारी. मारियासचा मान म्हणजे एका लेखकाने दुसऱ्याला दिलेली दाद. राज्य नसले तरी ती दाद खरी, कारण देणाऱ्याला त्या कामातले कळत होते आणि त्याला त्या बदल्यात काही नको होते.

खरी राज्ये तरी काय करतात?

येथे कोणी म्हणेल, ही खुळ्या राजांची कथा झाली. खऱ्या राज्याचे मान वेगळे. चला, खरी राज्ये पाहू.

ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धानंतर लॉइड जॉर्ज पंतप्रधान असताना पदव्यांचा उघड बाजार भरला होता. 'सर' होण्याचा दर सुमारे १०,००० पौंड, वंशपरंपरेने चालणाऱ्या बॅरनेट पदवीचा त्याच्या तिप्पट-चौपट. मॉन्डी ग्रेगरी नावाचा दलाल हे सौदे जुळवीत असे. बोभाटा इतका झाला की १९२५ साली पदव्यांच्या विक्रीविरुद्ध पार्लमेंटला कायदा करावा लागला. १९३३ साली ग्रेगरीला त्याच कायद्याखाली शिक्षा झाली. मानाचा झरा राजाचाच होता, पण नळ बसविला होता दलालाने.

आणि ज्या ऑस्ट्रेलियाने कॅस्लीला राजा मानले नाही, तिची कथा याहून बोधप्रद आहे. कॅस्लीने राज्य काढले तेव्हा खुद्द ऑस्ट्रेलियाजवळ स्वतःची मानपदके नव्हती. ती ब्रिटनच्या पदव्यांवर भागवीत होती. १४ फेब्रुवारी १९७५ रोजी व्हिटलम यांच्या मजूरपक्षीय सरकारने 'ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया' स्थापन केली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या पक्षाच्या सरकारने तिच्यात 'सर' आणि 'डेम' या पायऱ्या घातल्या. १९८६ साली त्या काढल्या गेल्या. २०१४ साली पंतप्रधान ॲबट यांनी त्या पुन्हा आणल्या आणि २६ जानेवारी २०१५ रोजी त्यांतील एक मान कोणाला दिला? इंग्लंडच्या राणीच्या पतीला, प्रिन्स फिलिप यांना! ज्यांच्याकडे मानांची आधीच रास होती त्यांच्या राशीवर आणखी एक! सारा देश हसला. त्याच वर्षी ॲबट यांचे पद गेले आणि वर्ष संपण्याच्या आत त्या पायऱ्याही नव्या सरकारने काढून टाकल्या.

या मानामागे कायदा होता, पार्लमेंट होते, सैन्य होते. तरीही लोक हसले तेव्हा त्यातले पाणी उतरले. मानाला कायदा लागतो हे खरे. पण 'हे योग्य झाले' असे चारचौघांनी म्हणावे लागते, हे त्याहून खरे. राजमुद्रेला लोकांच्या हसण्यापासून संरक्षण नाही.

आपल्याकडील अनुभव

आपण हा धडा फार महागात शिकलो. इंग्रजी अमलात रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर आणि सर यांची उतरंड होती. त्यांतील कित्येक माणसे खरोखर लायक होती. तरीही त्या पदवीला एक अदृश्य दोरी बांधलेली असे आणि तिचे टोक सरकारच्या हातात असे. म्हणून १९१९ साली जालियनवाला बागेनंतर रवींद्रनाथांनी 'सर' ही पदवी सोडली आणि १९२० साली गांधीजींनी कैसर-ए-हिंद पदक परत केले. परत करण्याला एवढे बळ का आले? कारण घेण्यात मान्यता होती. मान्यता काढून घेताच समोरचा राजा तेवढ्यापुरता उघडा पडला.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने अठराव्या कलमात सांगून टाकले, की सैन्य व विद्या यांसंबंधीच्या मानाखेरीज राज्य कोणालाही पदवी देणार नाही, आणि भारताचा नागरिक परकीय राज्याची पदवी घेणार नाही. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम सतरावे आणि पदव्या नष्ट करणारे अठरावे. ही दोन्ही शेजारी शेजारी आहेत, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आले आहे. जन्माने कोणी खाली नाही आणि सरकारी मर्जीने कोणी वर नाही.

१९५४ साली भारतरत्न आणि पद्म सन्मान सुरू झाले, तेव्हा या पदव्याच नव्हेत काय, असा वाद निघाला. १९७७ साली जनता सरकारने ते बंद केले, १९८० साली ते पुन्हा सुरू झाले. शेवटी डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की हे सन्मान पदव्या नव्हेत, म्हणून ते संविधानाविरुद्ध नाहीत. पण ते नावाच्या मागे-पुढे लावता येणार नाहीत. निमंत्रणपत्रिकांवर हा नियम कसा पाळला जातो ते आपण जाणताच!

कारखान्यातील राजे

आता मी माझ्या घरच्या अंगणात येतो. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात आमचा एक फिटर होता. कामात वाघ. मशीनच्या नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा. एका वर्षी व्यवस्थापनाने त्याला 'आदर्श कामगार' म्हणून पदक आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. आम्ही टाळ्या वाजविल्या आणि त्या मनापासून वाजविल्या, कारण त्याची लायकी आम्हांला ठाऊक होती. चार महिन्यांनी पगारवाढीचे मागणीपत्र तयार झाले. सह्या गोळा करीत आम्ही त्याच्यापाशी गेलो, तो त्याला आधीच वर बोलावणे आले होते. साहेबांनी चहा पाजून एवढेच म्हटले, "आदर्श कामगाराने अशा कागदावर सही करावी का?"

तो खाली आला आणि बराच वेळ हातातल्या फडक्याने हात पुसत उभा राहिला. मग मला म्हणाला, "दादा, घड्याळ माझ्या भिंतीला लावलं, पण चावी त्यांच्याकडंच राहिली." सही त्याने केली. दुसऱ्या दिवशी ते घड्याळ आमच्या कचेरीत आणून ठेवले. अजून ते तेथे आहे, आणि वेळ अगदी बरोबर दाखविते.

माझा सगळ्या पदकांना विरोध आहे, असे कोणी समजू नये. आपल्या राज्यात महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ गुणवंत कामगार पुरस्कार देते. तो मिळालेली आणि त्याला पात्र असलेली माणसे मी पाहिली आहेत. माणसाला मान हवा असतो, भाकरीइतकाच हवा असतो. संपात उतरलेल्या कामगाराला विचारा. पगाराच्या आकड्याइतकेच त्याला साहेबाच्या 'अरे-तुरे'चे दुःख असते. माझे म्हणणे एवढेच, की मान घेताना त्याची चावी कोणाकडे आहे ते पाहावे.

राजाचा शेवट

कॅस्लीचे पुढे काय झाले? २००७ साली करासंबंधीचा त्याचा वाद ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला आणि तेथे फेटाळला गेला. २०१७ साली, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्याने गादी सोडली आणि धाकट्या मुलाला, ग्रेमला, राजा केले. त्याच वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सुप्रीम कोर्टाने त्याला सुमारे २७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर कर भरण्याचा हुकूम दिला. न्यायमूर्तींच्या म्हणण्याचा आशय असा, की आपल्या घरात कोणीही स्वतःला सार्वभौम म्हणवून घ्यावे, पण म्हणून देशाचे कायदे आणि कर चुकविता येत नाहीत. कॅस्ली १३ फेब्रुवारी २०१९ रोजी वारला. २०२० च्या आरंभी राज्याच्या सीमा बंद झाल्या. त्यातच महामारी आली आणि ३ ऑगस्ट २०२० रोजी राज्य विसर्जित करण्यात आले. कराची बाकी भागविण्यासाठी जमीन विकणे भाग पडले. पन्नास वर्षांचे राज्य पुन्हा शेत झाले.

आता त्या ऑर्डर ऑफ मेरिटच्या मानकऱ्यांचे काय? पदक तेच, फीत तीच, पण मंडळाचा प्रमुखच उरला नाही. झरा आटला. भिंतीवर राहिली ती कागदाची चौकट.

मला मात्र या माणसाबद्दल तिरस्कार वाटत नाही. शेतात उभा राहिलेला गहू आणि हातात शंभर एकरांचा कागद, ही त्याची वेदना खरी होती. त्याची हट्टी वृत्ती कोणाही लढवय्याला आवडेल. युनियनचा माणूस म्हणून माझी तक्रार वेगळी आहे. आरंभी पाच कुटुंबे एकत्र होती आणि मागणी गव्हाची होती. शेवटी उरले एक कुटुंब आणि मागणी उरली मुकुटाची. एका माणसाला कोट्यातून बाहेर काढणे म्हणजे कोटा उठविणे नव्हे. त्या कोट्याखाली जे इतर शेतकरी होते त्यांच्या पोत्यात हट रिव्हरच्या राजमुद्रेने एक दाणा वाढला नाही. आमच्या चळवळीतही असे होते. मागणी मागे पडते आणि नेत्याचा सत्कार पुढे येतो. हार वाढत जातात तसतशी सभासदांची वर्गणी कमी होत जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या सत्कारांतले दोन-चार हार माझ्याही गळ्यात पडले आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे.

शेवटी एक नाव घेतो. नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणारे. हिंदु-मुसलमानांच्या दंग्यांनंतर सलोख्यासाठी केलेल्या कार्याबद्दल इंग्रज सरकारने त्यांना रावबहादूर केले. १८९७ साली प्लेगच्या साथीत ते गेले. आज त्यांची रावबहादुरी कोणाच्या ध्यानात आहे? पण त्यांनी गिरणीमालकांपुढे एक मागणी वर्षानुवर्षे लावून धरली होती, आणि १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. ती मागणी होती आठवड्याच्या सुट्टीची, आपल्या रविवारची. ज्याला लोखंड्यांचे नावही ठाऊक नाही, तोही रविवारी सकाळी जरा उशिरा उठतो. त्या उशिरा उठण्याची चावी कोणा साहेबाच्या खिशात नाही.

माझ्यापुरती मी एक कसोटी ठरविली आहे, ती आपणांपुढे ठेवतो. कोणी मान देऊ केला तर तीन प्रश्न विचारावेत. देणाऱ्याला माझ्या कामातले कळते काय? त्या बदल्यात त्याला माझ्याकडून काय हवे आहे? आणि हा मान मी उद्या परत केला, तर माझ्याजवळ काय उरेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'माझे काम' असे येत असेल तर मान खुशाल घ्यावा. उत्तर 'काहीच नाही' असे येत असेल तर तो घेऊ नये, कारण मग आपण मानकरी नसून कोणाच्या तरी राज्याची रयत आहोत.

त्या सोनेरी पत्राला मी उत्तर पाठविले नाही. कागद मात्र चांगला जाड होता आणि त्याची मागची बाजू कोरी होती. आजच्या या भाषणाची टिपणे मी त्यावरच काढली आहेत.